नॉर्वेत स्लेजच्या कुत्र्यांच्या केनेलवर चालले आहे. लांबच्या प्रवासासाठी टीम कशी तयार करतात?

सई_फुटाळा

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. गेल्या वर्षी सेमिनरी हिल्सच्या आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले. ऑगस्टच्या शेवटी उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्स भागात, स्लेज म्हणजे बर्फावरची बिनचाकी गाडी ओढणारी कुत्री पाळतात अशा एका केनेलवर मदतनीस म्हणून जायचं ठरलंय, एप्रिलअखेरपर्यंत. तिथे ३८ कुत्री आहेत, सगळी अलास्कन हस्की. केनेलच्या मालकीणबाई मार्चमध्ये १२ कुत्र्यांची टीम घेऊन डोंगर ओलांडून स्वीडनमध्ये जाणार आणि परत येणार, साधारण ६०० किलोमीटर. या टीमच्या तयारीत मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली असेन.

कुत्र्यांची मला भीती नाही. भटक्या कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणात दोन वर्षं काम केलंय. पण ओढणारं कुत्रं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि बर्फ पाहिलाय तो फक्त मनालीला, चार दिवस. आई रोज एकच म्हणते, ४५ डिग्रीत वाढलेली पोरगी तिथे काय करणार.

ही तयारी नेमकी कशाची असते, कधी सुरू होते? आणि हातात जून-जुलै आहेत, तर इथून काय शिकून जाऊ? तिथे जाऊन ओझं व्हायचं नाहीये मला.

धुरकरी

सईताई, अभिनंदन. मी काटोलकडचा, संत्र्याची बाग आहे. २०१६ ते २०१८ असे दोन हिवाळे ट्रॉम्समध्येच, बारडूच्या बाजूला एका केनेलवर होतो. दुसऱ्या वर्षी १२ कुत्र्यांची टीम ऑगस्टपासून मार्चपर्यंत याच हातांनी तयार केली. म्हणून जरा लांबण लावतो, वेळ काढून वाचा.

आमच्या घरी वडिलांची शंकरपटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची जोडी होती, बंदी यायच्या आधी. पटाच्या बैलाचा खुराक, मालिश, खुरं, रोजचं फिरवणं ज्यानं लहानपणी पाहिलंय त्याला ही टीम परकी वाटत नाही. मोठा फरक एकच. बैलाच्या नाकात वेसण असते आणि आपल्या हातात कासरा. इथे १२ कुत्री दोन-दोनच्या जोडीनं एका लांब दोरीला जुपलेली, सर्वात पुढचं जोडपं तुमच्यापासून पंधरा-सोळा मीटरवर, आणि लगाम नाहीच. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. तुमच्याजवळ आवाज, पायाखालचा ब्रेक आणि बर्फात रोवायचा लोखंडी आकडा, एवढंच. म्हणून पुढे जुपायचं कुत्रं ताकदीवर निवडत नाहीत. ऐकणारं आणि मागच्या दहांचा गोंगाट अंगाला लावून न घेणारं निवडतात. ताकदीची, थोराड कुत्री अगदी मागे, स्लेजला लागून. नांगराला चार बैल जुपले की धुरेजवळची जोडी जशी असते तशी. वळणावर स्लेज झाडावर आदळू न देणं हे त्यांचं काम.

आता वेळापत्रक. पहिले दोन महिने बर्फ विसरा. उन्हाळाभर कुत्री मोकळी बसलेली असतात, ऑगस्टअखेर सकाळी हवा थंड झाली की काम सुरू. स्लेजच्या जागी चार चाकांची एटीव्ही, तिला टीम जुपायची. पहिले दिवस चार-पाच किलोमीटर, त्याहून जास्त नाही. आणि वेग मुद्दाम बांधून ठेवायचा. दीड-दोन वर्षांची पोट्टी जीव तोडून पळायला बघतात, आपण गाडी गिअरमध्ये ठेवून त्यांना दुडक्या चालीत आणायचं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, शिरा-कंडरा आणि हाडं मागाहून येतात. सप्टेंबरमध्ये हौसेनं पळवलेलं कुत्रं जानेवारीत खांद्यानं लंगडतं.

थंडीपेक्षा उकाड्याची काळजी जास्त करावी लागते, हे मला तिथे जाऊन कळलं. आमच्या मालकांचा नियम होता, पारा १० डिग्रीच्या वर असेल तर टीम जुपायची नाही. आपण १० डिग्रीला नागपुरात शेकोटी पेटवतो. पण ओढणाऱ्या कुत्र्याच्या अंगात एवढी उष्णता तयार होते की १० डिग्रीसुद्धा त्याला जड जाते. उणे १० ते उणे २० ही त्यांची खरी हवा. मार्चच्या प्रवासातसुद्धा भर दुपारी ऊन लागतं म्हणून आम्ही तेव्हा थांबायचो आणि रात्री चालायचो.

नोव्हेंबरपर्यंत एका दमात ३०-४० किलोमीटर, जानेवारीत ६०, मग लागोपाठ दोन दिवस, मग तीन. मार्चपर्यंत आमच्या टीममधल्या प्रत्येक कुत्र्याचे २,००० च्या वर किलोमीटर झाले होते. हे मी वहीतून सांगून राहिलो. प्रत्येक कुत्र्याचं वेगळं पान, रोजचे किलोमीटर, वजन, कोणाशेजारी जुपलं, कोणाशी भांडलं.

आणि एक गोष्ट मी आधी कुठे वाचली नव्हती. धावणं त्यांना शिकवावं लागत नाही, थांबणं शिकवावं लागतं. डिसेंबरपासून आम्ही मुद्दाम ३० किलोमीटर जाऊन रानात मुक्काम करायचो. पेंढा पसरायचा, कुत्र्यांच्या पायातले बूट काढायचे, खायला घालायचं, चार तास झोप, मग पुन्हा जुपायचं. नवी कुत्री पहिल्या दोन मुक्कामांना झोपतच नाहीत, उभी राहून रडतात. पाचव्या-सहाव्या मुक्कामाला पेंढा दिसला की गोल फिरून अंग टाकतात, शेपटी नाकावर. जे कुत्रं हे शिकलं नाही ते ६०० किलोमीटरला नेता येत नाही, कितीही जोरकस असो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुमचं खरं काम त्यात आहे.

जानेवारीत सरावाचा दोन रात्रींचा मुक्काम होता. रुना नावाची चार वर्षांची कुत्री, टीममध्ये मधल्या जोडीत. दुसऱ्या रात्री तिनं मटणाच्या पाण्याचं भांडं अर्धं ठेवलं. मला वाटलं, दमली असेल. उणे २४ होतं, माझी बोटं दुखत होती, मी ते कोणाला सांगितलं नाही. पहाटे निघालो. २० किलोमीटरवर तिची दोरी सैल पडली, मग ती मागे पाहायला लागली, मग बसली. नाडी जोरात, हिरड्या कोरड्या. तिला स्लेजच्या पिशवीत झोपवून उरलेले २५ किलोमीटर आणलं. वाचली, महिन्याभरात पुन्हा धावलीही. मालक मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, काल रात्री तिनं पाणी किती प्यायलं? मला सांगता आलं, आणि तेच जास्त लागलं. म्हणजे मी पाहिलं होतं.

तेव्हापासून प्रत्येक मुक्कामाला प्रत्येक कुत्र्याचं मी लिहायला लागलो. खाल्लं का, प्यायलं का, लघवीचा रंग, शेण कसं, चारही पाय, दोन्ही मनगटं, खांदा. १२ कुत्र्यांना पाऊण तास लागतो. मालक स्वतःच्या जेवणाआधी ते वाचायचे.

खाण्याचं आणि पायांचं पुढच्या उत्तरात लिहितो, बागेत पाणी सोडायची वेळ झाली.

डॉ_कोराडीरोड

सई, धुरकरींनी रुनाचं सांगितलं त्याच्या मागचं शास्त्र थोडं देतो, तुला उपयोगी पडेल.

जोरात काम करणाऱ्या २२-२५ किलोच्या अलास्कन हस्कीला शर्यतीच्या दिवसांत रोज १०,००० किलोकॅलरींच्या आसपास लागतात. एवढी ऊर्जा भात-पोळीनं भरून निघत नाही, पोटात तेवढी जागाच नसते. म्हणून अर्ध्याहून जास्त ऊर्जा चरबीतून. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या मायकेल डेव्हिस यांच्या गटानं या कुत्र्यांवर बरीच वर्षं काम केलंय. पहिल्या दिवशी स्नायूंतलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, भराभर घटतं, पण तीच मेहनत रोज चालू ठेवली तर काही दिवसांत ही घट कमी होत जाते. माणसाचं शरीर असं वागत नाही. पण त्याआधी आतडं चरबीला सरावलेलं हवं, म्हणून चरबी सप्टेंबरपासून हळूहळू वाढवतात. एकदम वाढवलीस तर जुलाब लागतील, आणि जुलाब म्हणजे पाणी गेलं.

दुसरं, पोट. याच गटानं आयडिटारॉड शर्यत संपवलेल्या कुत्र्यांची एंडोस्कोपी केली तेव्हा जवळपास निम्म्यांच्या जठरात व्रण किंवा रक्तस्राव दिसला. अलास्कातली ही शर्यत सुमारे १,६०० किलोमीटरची असते, तुमचा प्रवास त्याहून खूप लहान आहे, तरी काळी विष्ठा आणि फिकट हिरड्या यांवर नजर ठेव. उलटी झालेलं कुत्रं लगेच जुपू देऊ नकोस. उलटी फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो आणि त्यात कुत्री दगावतात. कोणतं औषध द्यायचं ते तिथल्या पशुवैद्यांना विचारूनच दे. तुझी पदवी तिथे आपोआप चालणार नाही, हेही ध्यानात असू दे.

कागदपत्रांचं आत्ताच विचारून घे. मायक्रोचिप, रेबीजची लस आणि कुत्र्यांचा पासपोर्ट तर लागतीलच. शिवाय स्वीडनमधून नॉर्वेत परत शिरताना एकायनोकॉकस या फीतकृमीचं औषध पशुवैद्यकाकडून, प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी दिल्याची नोंद हवी. प्रवास सलग आणि डोंगरातून असेल तर हा हिशेब आधी बसवावा लागतो.

एक आठवण, निव्वळ तुझ्यासाठी. १९२५ च्या जानेवारीअखेर अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली तेव्हा नेनानाहून साडेपाच दिवसांत, सुमारे १,०८५ किलोमीटर, २० चालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी आळीपाळीनं अँटिटॉक्सिन पोहोचवलं. त्यातल्या बाल्टो या कुत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण सर्वात लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगोचा होता. त्याचा चालक लेओनार्ड सेप्पाला मूळचा तुझ्याच त्या ट्रॉम्स भागातला. आणि टोगो तेव्हा १२ वर्षांचा होता. आपल्याकडे १२ वर्षांचं कुत्रं आणलं की लोक विचारतात, डॉक्टर, आता किती दिवस?

धरमपेठचा_हस्की

विषयात विषय काढतो, माफ करा. माझ्याकडे तीन वर्षांचा सायबेरियन हस्की आहे. उन्हाळ्यात एसीतच असतो. डिसेंबरमध्ये पहाटे तेलंगखेडीच्या रस्त्यावर त्याला सायकलला जुपून ओढायची सवय लावली तर चालेल का? त्याच्या रक्तातच आहे ना ते.

सई_फुटाळा

धुरकरी दादा, रुनाचं वाचून मी बराच वेळ काही वाचलंच नाही. आजपासूनच वही घातली. डॉक्टर सर, फीतकृमीचं मालकीणबाईंना लगेच कळवलं, त्या हो म्हणाल्या, मार्गातल्या एका गावात पशुवैद्य ठरवलेला आहे. टोगोचा चालक ट्रॉम्सचा, हे मी आईला वाचून दाखवलं.

दादा, पायांचं आणि खाण्याचं सांगाल का? त्यांनी पाठवलेल्या यादीत ‘बूट ३०० नग’ असं आहे. १२ कुत्र्यांना ३००? आणि माझ्या हातांचं काय? एवढ्या थंडीत हातमोजे काढून काम करता येतं?

धुरकरी

आधी धरमपेठवाल्या भाऊंना. नका करू. रक्तात ओढणं आहे हे खरं, पण म्हणूनच तो थांबणार नाही आणि धोका तिथेच आहे. आपली डिसेंबरची पहाट १०-१२ डिग्री. मी वर लिहिलं तो आकडा पाहा, तिथे एवढ्याला टीम जुपत नाहीत, आणि ती कुत्री महिनोन्‌महिने सरावलेली. त्याला पहाटे चालवा, फुटाळ्याला न्या, वास घेऊ द्या. अंगावरचे केस मात्र उन्हाळ्यात भादरू नका, उन्हापासूनही तेच वाचवतात.

सईताई, ३०० बरोबर आहेत. १२ कुत्र्यांचे ४८ पाय. नायलॉनचे पातळ बूट, वर वेल्क्रोची पट्टी. खडबडीत बर्फावर एक जोड शंभर-दीडशे किलोमीटर टिकला तर खूप. ६०० किलोमीटरला पाच वेळा बदलले तर २४०, शिवाय हरवतात, फाटतात. थंडीचा त्यात काही संबंध नाही. कुत्र्याच्या पंजात रक्तवाहिन्यांची रचनाच अशी की आत जाणारं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं, पंजा गोठत नाही. बूट लागतात ते बर्फाच्या खरखरीत कणांसाठी. ते कण बोटांच्या बेचक्यात गोळ्या करून बसतात, कातडी सोलते, आणि एकदा बेचकं फाटलं की धावत्या कुत्र्याचं ते भरून येत नाही. नखं वाढलेली असली की बूट आतून फाटतो, म्हणून नखं दर आठवड्याला.

पट्टी घट्ट झाली की मनगट सुजतं, सैल झाली की बूट पहिल्याच वळणावर गळतो. माझं करंगळीचं टोक पट्टीखाली शिरेल एवढी ढील मी ठेवायचो. मुक्कामाला थांबलं की आधी बूट काढायचे, मग बाकी सगळं. बेचकी पाहून मलम. सकाळी पुन्हा ४८. एका कुत्र्याला सुरुवातीला मला पाच मिनिटं लागायची, म्हणजे शेवटच्या कुत्र्यापर्यंत तास, आणि पहिलं तोवर बूट चावून काढतंय. फेब्रुवारीत सगळे मिळून १५ मिनिटांत व्हायचे. हे उघड्या हातानंच करावं लागतं, किंवा अगदी पातळ लोकरी मोज्यांत. युक्ती अशी की तीन कुत्री झाली की हात मोठ्या हातमोज्यात घालायचे, दंड जोरात गोल फिरवायचे, बोटांत रक्त आलं की पुढची तीन. बोटं पांढरी पडून स्पर्श कळेनासा झाला तर मात्र थांबायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. हात कुत्र्याच्या काखेत घातला तरी चालतो, ती काही म्हणत नाहीत.

जाण्याआधी मी काटोलमध्ये शेजारच्या दोन कुत्र्यांना सुती मोजे आणि वेल्क्रोची पट्टी घालून सराव केला होता, जून महिन्यात, घामाघूम होऊन. लोक विचारायचे काऊन करून राहिला बाप्पा. पण त्याचा उपयोग झाला. तुम्ही तर दवाखान्यात आहात. रोज दहा कुत्र्यांची मनगटं वाकवून पाहा, खांदे ताणून पाहा. सुजलेलं मनगट ओळखायचं तर आधी न सुजलेली शेकडो हाताखालून गेलेली पाहिजेत. डोळे मिटून करा, तिथे नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, सगळं डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात. आणि सुटगाठ एका हातानं बांधायला-सोडायला शिका, जाड हातमोजा घालून.

खाण्याचं डॉक्टरांनी सांगितलंच. माझ्याकडून पाण्याचं ऐका. धावणारं कुत्रं साधं पाणी हुंगून सोडतं. त्यात मटणाचे किंवा माशाचे तुकडे, थोडी चरबी टाकून कोमट दिलं तर चाटून पुसून पितं. आणि पाणी म्हणजे आधी बर्फ वितळवणं. भुसभुशीत ताजा बर्फ भांडंभर टाकला की तळाशी ओंजळभर पाणी उरतं, टाकत राहावं लागतं. मुक्कामाला आकडा रोवला की दुसऱ्या मिनिटाला चूल पेटली पाहिजे. चुलीच्या भांड्यात आधी थोडं पाणी ठेवायचं, कोरडा बर्फ तळाला लागून करपतो आणि तो करपट वास कुत्र्यांना नकोसा होतो. वाटेत दर दोन तासांनी गोठलेल्या मांसाचा किंवा माशाचा एकेक तुकडा. तेव्हा पाहायचं, कोणी झेलला, कोणी पडू दिला. पडू दिलेला तुकडा वहीत.

६०० किलोमीटरचं सगळं खाणं एका स्लेजवर बसत नाही. आम्ही आधी स्नोमोबाइलनं दोन ठिकाणी साठा ठेवून आलो होतो, पेंढा, मांस, जादा बूट. स्लेजमध्ये जड सामान तळाला, कुऱ्हाड आणि बर्फबूट हाताला लागतील असे, आणि एक कुत्रं झोपवता येईल एवढी जागा मोकळी. ती जागा सामानानं भरायचा मोह शेवटच्या रात्री सगळ्यांना होतो. भरू देऊ नका.

तुमच्या कपड्यांत सुती काही नको, आतून लोकर. बूट एक माप मोठे, बोटं हलली पाहिजेत. आईंना सांगा, ऑगस्टमध्ये तिथे आपल्या नागपूरच्या हिवाळ्यासारखी हवा असते. थंडी महिन्यामहिन्यानं वाढते, अंगही तिच्यासोबत बदलतं. मीही ४५ डिग्रीतलाच.

निघायच्या क्षणाचं मुद्दाम सांगून ठेवतो. १२ कुत्री जुपली की ती उड्या मारतात, किंचाळतात, दोरी चावतात, शेजारी उभ्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. स्लेज झाडाला बांधलेली असते. दोन्ही पाय धावपट्ट्यांवर, मूठ घट्ट, मगच सुटगाठ ओढायची. सुटली की एका झटक्यात सगळं शांत होतं. फक्त पायांचा आणि बर्फाचा आवाज. त्या शांततेत पहिल्यांदा पकड ढिली पडते. काहीही झालं, आडवे झालात, फरफटत गेलात, रेनडियरचा कळप आडवा आला, तरी मूठ सोडायची नाही. चालकाशिवाय गेलेली टीम थांबत नाही, आणि अडकलेल्या दोरीत कुत्री जिवानिशी जातात.

माझ्याकडे तिथला एक हार्नेस, म्हणजे कुत्र्याला जुपायचा पट्टा, आणि दहा-बारा जुने बूट आहेत. जुलैत एखाद्या रविवारी काटोलला या, आईंनाही आणा. माझं कुत्रं १९ किलोचं आहे आणि पाय देतं, त्याच्यावर हात बसवू.

सई_फुटाळा

दादा, नक्की येते. जुलैचा दुसरा रविवार चालेल? वही घेऊन येईन. आई विचारतेय, कुत्र्याला काय आणायचं.

धुरकरी

चालेल. उकडलेली अंडी आणा, मीठ न घालता. सकाळी नऊच्या आत पोहोचा, नंतर त्याला ऊन लागतं.